थोडीफार मदत

हैदराबादेत, कोठीपासून चालत जाण्याच्या अंतरावर भाग्योदय वाणिज्य महाविद्यालय नावाची एक संस्था आहे. तिथे गेल्या वर्षी असे निदर्शनास आले की, चार विद्यार्थ्यांनी मिळून करायच्या प्रकल्पात एक जण राबतो आणि उरलेले तिघे त्याच्या जिवावर पास होतात. आता ही गोष्ट त्या चौघांना ठाऊक असते, शिकवणाऱ्यांना ठाऊक असते, कँटीनवाल्यालाही ठाऊक असते. पण निदर्शनास येणं ही वेगळी बाब आहे. एकदा एखादी गोष्ट निदर्शनास आली की समिती नेमावी लागते. समिती नेमली, समितीने शिफारस केली, शिफारशीतून 'योगदान मूल्यमापन कक्ष' जन्माला आला, आणि कक्षाला खोली मिळायच्या आतच त्याचं परिपत्रक निघालं.

परिपत्रकाचा आशय साधा होता. कोणी किती काम केलं हे ज्याचं त्यालाच माहीत, तेव्हा विद्यार्थ्यांनीच ते सांगावं. प्रत्येकाने 'प्रपत्र यो-४' संगणकावर भरून आपल्या गटातल्या चौघांत, म्हणजे स्वतःसकट, शंभर गुण वाटावेत. मग चौघांनी दिलेल्या गुणांची सरासरी निघेल. ज्याची सरासरी पंधराच्या खाली, तो 'नाममात्र सदस्य'. त्याचं नाव अहवालावरून वगळलं जाईल आणि पुढच्या वर्षी त्याला हा पेपर एकट्याने द्यावा लागेल. कामचोरांचा बंदोबस्त झाला म्हणून सगळीकडे समाधान पसरलं. सर्वांत जास्त समाधान कामचोरांना झालं, कारण परिपत्रक शेवटपर्यंत वाचायला सवड त्यांनाच होती.

चिक्कडपल्लीच्या त्रिवेणीला ती नव्हती. ती प्रकल्प करत होती.

तिच्या गटात विक्रम, केतकी आणि गौतम. विक्रम बोलण्यात पटाईत. पहिल्याच दिवशी त्याने "टीम मी लीड करतो" असं जाहीर केलं, व्हॉट्सॲपवर गट काढला, त्याला वाघाचं चित्र लावलं आणि तिथे त्याचं लीड करणं संपलं. केतकीचे आईवडील पुण्याहून आयटीतल्या नोकरीसाठी आलेले. तिने स्लाइडचे रंग ठरवण्याची जबाबदारी घेतली आणि तीन महिन्यांत निळा की मोरपंखी इथवर मजल मारली. राहिला गौतम. बाळ फार गुणी! काहीही सांगितलं की "हौ, करतो की, कायकू टेन्शन लेतीस?" असं म्हणायचा, आणि इतक्या मायेनं म्हणायचा की काम झाल्यासारखंच वाटायचं.

विषय होता अफझलगंजमधले किराणा मालाचे ठोक व्यापारी मोबाइलवरून मागणी घेतात की नाही. चाळीस दुकानदार, प्रत्येकाला छत्तीस प्रश्न. त्रिवेणीचे वडील नामदेवराव यांचं तिथेच डाळींचं ठोक दुकान. ते पुढे होऊन "आपलीच पोरगी आहे, जरा बसू द्या" म्हणाले, म्हणून दुकानदारांनी तिला पोत्यांवर का होईना, बसू दिलं. उत्तरं त्यांनी आपापल्या हाताने लिहिली. कोणी तेलुगूत, कोणी हिंदीत, आणि हळदीच्या व्यापाऱ्याने तर निम्मी उत्तरं अंगठ्यानेच पिवळी करून ठेवलेली. ती अक्षरं लागावीत म्हणून त्रिवेणीची आई कुसुमताई आठ दिवस दुपारचं जेवण उरकलं की चष्मा चढवून बसायच्या आणि एकेक प्रश्नावली मोठ्याने वाचून दाखवायच्या. त्रिवेणी टाइप करायची. मार्गदर्शक होत्या उषा मॅडम. त्यांनी प्रश्नावली तीनदा तपासली आणि अहवाल दोनदा लाल शाईने न्हाऊ घातला. अशा रीतीने त्रिवेणीने प्रकल्प एकटीने पूर्ण केला.

नाही म्हणायला एके दिवशी अख्खा गट अफझलगंजात अवतरला होता. अर्धा तास. गुळाच्या ढेपांपुढे, मिरचीच्या पोत्यांपुढे, एका अत्यंत त्रासलेल्या दुकानदारासोबत, असे पुष्कळ फोटो निघाले. फोन गौतमचा होता आणि काढणारी त्रिवेणी.

प्रपत्र भरायची वेळ आली तेव्हा गटाने सभ्य माणसांसारखं ठरवलं की सगळ्यांना पंचवीस. गौतमने तसं भरलं. पडद्यावर लाल अक्षरं उमटली, "समान वाटप म्हणजे मूल्यमापन टाळणे होय. कृपया प्रामाणिकपणे भरा." खाली चार आकडे दिलेले होते, चाळीस, तीस, वीस आणि दहा. प्रत्येक आकडा एकदाच वापरायचा. म्हणजे चौघांनीही जीव तोडून काम केलं असलं, तरी एकाला दहा देण्याइतपत प्रामाणिकपणा प्रत्येकाला दाखवावाच लागणार होता. चौघांनी आपापल्या घरी बसून, एकमेकांना न सांगता, तो दाखवला.

शेवटी एक चौकोन होता. 'आपल्या योगदानाचे स्वतःच्या शब्दांत वर्णन करा.' त्रिवेणी इथे अडली.

तिचंही चुकलं नाही. त्या घराची रीतच तशी. पाहुण्यांनी धपाट्यांचं कौतुक केलं की कुसुमताई मान खाली घालून म्हणणार, "काही विशेष नाही, असंच थोडंफार केलंय." त्या धपाट्यांसाठी पहाटेपासून पीठ कालवलं असलं तरी! कोणी तूरडाळीची तारीफ केली की नामदेवराव म्हणणार, "बरी आहे." आपण होऊन 'मी केलं' म्हणणं म्हणजे चारचौघांत ढेकर देण्यासारखं, असं त्रिवेणी लहानपणापासून शिकलेली. बाकीचे बघतायत की, ते सांगतीलच, असा तिचा हिशेब. तिने स्वतःला दहा गुण दिले, केतकीला चाळीस, विक्रमला तीस, गौतमला वीस, आणि चौकोनात लिहिलं, "गटाला थोडीफार मदत केली."

निकाल लागला. विक्रम पस्तीस, केतकी पस्तीस, गौतम वीस, त्रिवेणी दहा. चौघांनीही तिला दहाच दिले होते. इतकं एकमत या गटाचं स्लाइडच्या रंगावरही झालं नव्हतं.

त्रिवेणीने फलकावरचा आपला आकडा तीनदा वाचला. सिकंदराबादेतल्या एका कंपनीत तिची नोकरी ठरलेली होती. जुलैत पदवी घेऊन हजर व्हायचं होतं, नामदेवरावांचे अर्ध्या अफझलगंजाला पेढे वाटून झाले होते. पदवी नाही तर नोकरी नाही. वर्ष गेलं म्हणजे सगळंच गेलं. ती थेट कक्षात गेली.

कक्षाचे निमंत्रक अप्पाराव सर. मूळचे वरंगळचे, पण या मराठी संस्थेत तीस वर्षं काढल्यामुळे मराठी लोण्यासारखी बोलत.

"ये अम्मा, बैस. पाणी घे. काय झालं?"

"सर, प्रकल्प मी केलाय. सगळा. एकटीने."

"असं?" सरांनी पडद्यावर तिचं प्रपत्र उघडलं. "इथं तू लिहिलंयस, थोडीफार मदत केली. हे तुझंच ना?"

"हो, पण ते तसं म्हणायचं असतं सर."

"कसं?"

"म्हणजे, आपणच आपलं कसं सांगायचं?"

"मग कोणी सांगायचं?"

"बाकीच्यांनी."

"बाकीच्यांनी सांगितलंय अम्मा. दहा." सरांचा चेहरा खरोखर कळवळला. "बरं, पुरावा आहे काही? हे फोटो बघ, तुमच्या गटानेच जोडलेत. विक्रम आहे, केतकी आहे, गौतम आहे, गूळ आहे. तू कुठं आहेस?"

"मी फोटो काढत होते."

"अरेरे! मग तसं लिहायचं होतंस. छायाचित्रणाला वेगळा रकाना आहे, दोन गुण मिळतात. आता मुदत गेली."

"आणि ते चाळीस कागद? मी दुकानोदुकानी जाऊन भरून घेतलेले?"

"कागदांवर दुकानदारांचं अक्षर आहे. तुझं एकही अक्षर नाही."

"आता काय करायचं सर?"

"काही अवघड नाही. पुढच्या वर्षी प्रकल्प एकटीने करायचा."

"पण तो मी एकटीनेच केलाय!"

"मग जमेल की तुला," सर उत्साहाने म्हणाले. "फक्त विषय बदल. हाच विषय घेतलास आणि त्या अहवालाशी मजकूर जुळला, तर ती साहित्यचोरी धरली जाते. त्यात नाव कायमचं जातं."

"तो अहवाल मी लिहिलाय सर."

"त्याच्यावर तुझं नाव नाही अम्मा."

घरी येऊन त्रिवेणी चप्पल न काढताच ढसाढसा रडली. कुसुमताईंनी आधी तिला जवळ घेतलं, मग सगळं ऐकलं आणि मग कपाळावर हात मारला.

"अगं बाई, असं कसं लिहिलीस? थोडीफार म्हणे!"

"तूच तर शिकवलंस ना आई, आपलं आपण सांगायचं नसतं म्हणून."

"मी धपाट्यांपुरतं शिकवले गं! परीक्षेत कुणी असं लिहितेत का?"

नामदेवराव दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी आठ दुकानदारांकडे जाऊन आले. 'ही मुलगी आमच्याकडे येऊन प्रश्न विचारून गेली, फार विचारले' असं पत्र, त्याखाली स्वतःची धरून नऊ सह्या आणि शिक्के. कक्षाने ते पत्र तत्परतेने दाखल करून घेतलं आणि तत्परतेने फेटाळलं. पत्रावरची पहिली सही अर्जदाराच्या वडिलांची असल्याने उरलेल्या आठ सह्यांवर कौटुंबिक प्रभाव नाकारता येत नाही, असा शेरा होता. नामदेवरावांनी तो शेरा दोनदा वाचला. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्यांचा अफझलगंजात प्रभाव आहे असं लेखी दिलं होतं. पण पोरीचा चेहरा बघून त्यांना त्याचाही आनंद घेता येईना.

रविवारी सकाळी गटच घरी आला. तिघांचे चेहरे पडलेले.

"त्रिवेणी, आय स्वेअर," केतकी म्हणाली, "मला वाटलं बाकीचे तुला फॉर्टी देतील. म्हणजे मी दहा दिले तरी तुझं ॲव्हरेज मस्तच येणार होतं."

"मलाही एक्झॅक्टली हेच वाटलं," विक्रम म्हणाला. "आणि लीडरनेच स्वतःला कमी दिले तर टीमचं इम्प्रेशन काय पडणार, सांग ना?"

गौतमने मान खाली घातली होती. "मी तर सगळ्यांना पच्चीस टाकलो होतो. मशीनच घेईना. मग सोचलो, दहा कुणाला द्यायचं? विक्रम झगडा करतो. केतकी रडते. त्रिवेणी काही बोलत नाही. म्हणून तुला दिलो."

त्रिवेणीला संताप आला. पण तिघांत खरं बोलणारा हाच एक होता, त्यामुळे संतापाचं काय करावं ते तिला सुचेना.

मग कळलं की मंडळी नुसती सांत्वनाला आलेली नव्हती. कॉलेजातल्या सगळ्या गटांत याच गटाची प्रपत्रं एकमेकांशी सर्वांत जास्त जुळली होती, म्हणून त्यांना 'आदर्श सहकार्य पुरस्कार' जाहीर झाला होता. शुक्रवारी प्राचार्यांपुढे प्रकल्पावर वीस मिनिटं बोलायचं होतं.

"तर जरा समजावून सांगशील का?" विक्रमने वही उघडली. "म्हणजे आपण नेमकं केलंय काय?"

आता इथे कोणीही शहाण्या मुलीने त्यांना जिना दाखवला असता. त्रिवेणीनेही तोंड उघडलं होतं. पण घरी आलेल्याला नाही म्हणायला तिची जीभ रेटेना, आणि शिवाय आपलं काम कोणीतरी विचारतंय याचं तिला, काय सांगावं, जरा बरंच वाटलं. दोन तास ती समजावत होती. कुसुमताईंनी रागारागाने धपाट्यांत दुप्पट मिरची घातली. गौतम पाच खाऊन डोळे पुसत म्हणाला, "आंटी, एक नंबर!"

"काही विशेष नाही, असंच थोडंफार..." कुसुमताई बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

शुक्रवारी सभागृहात विक्रम फार सुंदर बोलला. पडदा मोरपंखी होता. शेवटी आभार मानताना तो जरा थांबला, आवाज भरून आला आणि म्हणाला, "आणि आमची एक मैत्रीण इथे बसली आहे. नाममात्र असूनही तिने आम्हाला थोडीफार मदत केली." टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारच्या मुलीने त्रिवेणीला कोपराने ढोसून सांगितलं, "किती चांगला ग्रुप मिळाला होता गं तुला!"

आता कक्षात काय चाललं होतं ते सांगायला हवं, कारण त्याशिवाय त्रिवेणीचं पुढचं नशीब कळायचं नाही.

कक्षात चार प्राध्यापक होते. निमंत्रक अप्पाराव सर आणि आणखी दोघे सर. चौथ्या उषा मॅडम. प्रपत्र तयार करणं, सरासऱ्या काढणं, आलेल्या हरकती वाचणं, मुलं रडली तर पाणी देणं, हे सगळं उषा मॅडम बघत. उरलेले तिघे धोरण बघत. त्रिवेणीच्या मार्गदर्शक म्हणून तिच्या हरकतीपासून मात्र मॅडमना नियमाने दूर ठेवलं होतं. पुरस्कारानंतर प्राचार्यांना एक उदात्त विचार सुचला. जो न्याय विद्यार्थ्यांना, तोच कक्षाला. चौघांनीही यो-४ भरावं. चौघांनी भरलं. तिघांना वाटलं, बाकीचे मॅडमना चाळीस देतीलच. मॅडम स्वतः जुन्या वळणाच्या. त्यांनी आपल्या नावापुढे दहा टाकले आणि लिहिलं, "थोडेफार काम पाहिले."

उषा मॅडम नाममात्र ठरल्या. नियमाप्रमाणे त्यांना कक्षातून वगळलं, तशी नोंद त्यांच्या सेवापुस्तकात झाली, आणि अकरा वर्षांनी येऊ घातलेली त्यांची बढती नोंदीपाशी येऊन थांबली. मॅडमनी रीतसर हरकत नोंदवली. ती हरकत वाचायला कक्षात कोणी उरलं नव्हतं, कारण हरकती वाचण्याचं काम उषा मॅडम करायच्या.

आठवड्याभरात कक्षात दोनशे बारा हरकती साचल्या. अप्पाराव सरांनी त्रिवेणीला बोलावून घेतलं.

"अम्मा, तू या विषयातली जाणकार झालीस. आणि आता तू कुठल्याच गटात नाहीस, म्हणजे निःपक्षपाती. विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून आम्हाला मदत करशील?"

"मी? मी तर नापास आहे सर."

"तेच सांगतोय. कक्षाचं काम पूर्ण केलं तर विशेष सहभागाचे सहा गुण मिळतात. तुझे दहा आहेत. दहा आणि सहा किती?"

"सोळा," त्रिवेणी म्हणाली.

"पंधराच्या वर!" सर हसले. "वर्ष वाचलं. फक्त शनिवारी दुपारपर्यंत एकही हरकत शिल्लक राहता कामा नये. एक जरी उघडी राहिली तरी काम अपूर्ण धरलं जातं. तो नियम आहे, मी काही करू शकत नाही."

काम अवघड नव्हतं. प्रत्येक हरकतीखाली दोन बटणं होती. एक, 'मूळ गुण कायम'. दुसरं, 'फेरचौकशी'. फेरचौकशी दाबली की हरकत उघडी राहायची, नव्वद दिवस.

त्रिवेणी गुरुवारी सकाळी खुर्चीवर बसली ती मोठ्या निश्चयाने. तिला वाटलं, देवानंच आपल्याला इथे आणून बसवलंय. आपल्यासारख्या एकीवरही अन्याय होऊ द्यायचा नाही. तिने पहिली हरकत उघडली. बी.कॉम. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी. अकराशे नोंदी एकटीने केल्या होत्या आणि चौकोनात लिहिलं होतं, "माझा आपला खारीचा वाटा." त्रिवेणीचे डोळे भरून आले. तिने फेरचौकशीवर बाण नेला. मग तिला जुलै महिना आठवला.

या मुलीचं अजून दुसरंच वर्ष आहे, हिला काय, पुढे वेळच वेळ आहे, असा विचार तिच्या मनात आला. विचार वाईट नव्हता. तिने 'मूळ गुण कायम' दाबलं. शेरा सक्तीचा होता. तिने लिहिलं, "अर्जदाराने स्वतःच कबुली दिली आहे." हे वाक्य इतकं चपखल बसलं की पुढच्या हरकतींना ते तसंच चिकटवता आलं.

मग हात बसला. एका तेलुगू मुलाने लिहिलं होतं, "एदो कोंचम चेशानु." एदो कोंचम म्हणजे आपलं काहीतरी थोडंसं. दाबलं. शाहअली बंड्याच्या एका मुलीने लिहिलं होतं, "बस, जो बन पड़ा वो किये." दाबलं. कोणी 'यथाशक्ती', कोणी 'जमेल तेवढं', कोणी नुसतंच 'होते'. गुरुवारी संध्याकाळपर्यंत साठ झाल्या. शुक्रवारी तर एकशे दहा. आणि एक गोष्ट तिच्या ध्यानात आली, ती म्हणजे ज्यांनी 'सर्व काम मी केले' असं ठासून लिहिलं होतं, त्यांची हरकत एकही नव्हती.

शनिवारी बाराला पाच मिनिटं कमी असताना शेवटची हरकत उघडली. दोनशे बारावी. अर्जदार, उषा मॅडम.

लाल शाईने भरलेली आपली पानं त्रिवेणीच्या डोळ्यांपुढे आली. एकदा तापात असतानाही मॅडमनी फोनवर तासभर तिची तक्ते काढण्यातली चूक समजावून दिली होती. आणि कक्षात कोण काय करायचं हे अख्ख्या कॉलेजला ठाऊक होतं, कँटीनवाल्यालाही ठाऊक होतं.

"झालं का अम्मा?" दारातून अप्पाराव सरांनी विचारलं. "प्रमाणपत्र छापायला टाकू?"

"एकच राहिलीय सर."

"कोणाची?"

मॅडमना नोकरी तरी आहे, त्रिवेणी मनाशी म्हणाली. बढती काय, आज ना उद्या होईल. आणि मॅडम चांगल्या आहेत. रागावणार नाहीत. काही बोलणारही नाहीत.

"आहे एक. किरकोळ," ती म्हणाली आणि तिने बटण दाबलं. शेरा आपोआप उमटला.

वर्ष वाचलं. अहवालावर तिचं नाव पुन्हा चढलं, चौथ्या क्रमांकावर. प्राचार्यांनी तिच्या निःपक्षपातीपणाचा खास उल्लेख केला. जुलैत ती नोकरीवर हजर झाली. मुलाखत घेतलेल्या बाईंनी पहिल्याच दिवशी प्रकल्पाबद्दल विचारलं, तेव्हा तिने यावेळी चूक केली नाही. ताठ मानेनं सांगितलं, "तो सगळा मी एकटीने केला." नामदेवराव गिऱ्हाइकांना अजूनही हेच सांगतात. "पोरीनं एकटीनं केलंय, कुणाची मदत नाही." कुसुमताईंना कोणी विचारलं तर त्याही कौतुकाने मान डोलावतात. "हौ ना," म्हणतात, "एकटीच बसली होती बिचारी."

आता तुम्ही. इथवर वाचता वाचता तुम्हीही मनातल्या मनात गुण देऊन ठेवले असणार. लाजू नका, सगळेच देतात. विक्रमला, केतकीला, गौतमला किती, आणि त्या शेवटच्या बटणानंतर त्रिवेणीचे किती कापले, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. उषा मॅडमसाठी दोन-चार बाजूला काढले असतील, तर तुम्ही खरंच सहृदय. बेरीज शंभर होते ना? छान. आता एवढंच सांगा, चाळीस प्रश्नावल्या आठ दिवस चष्मा लावून मोठ्याने कोणी वाचून दाखवल्या होत्या? वर लिहिलेलं आहे. त्या बाईला किती दिलेत?

तिचा रकानाच नव्हता म्हणता? अगदी बरोबर. अप्पाराव सरही हेच म्हणतात.